पोत्यावरचे प्रथिन आणि पक्ष्याला मिळणारे प्रथिन : ब्रॉयलर खाद्याच्या मानकाविषयी खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य, पशुखाद्यविषयक मानक समिती, भारतीय मानक ब्युरो, नवी दिल्ली
आणि
मा. पशुसंवर्धन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे

विषय : कमी प्रथिनांच्या ब्रॉयलर खाद्यात वापरल्या जाणाऱ्या एन्झाइमसंबंधी मानक, पोत्यावरची माहिती आणि करार पद्धतीतल्या शेतकऱ्याचे संरक्षण याबाबत

महोदय,

नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या ब्रॉयलर शेडवर आणि गावोगावच्या लहान खाद्य मिक्सरवर काम करणारा मी एक पशुवैद्यक आहे. ब्रॉयलरच्या खाद्यातले क्रूड प्रोटीन दीड-दोन टक्क्यांनी उतरवायचे आणि त्याला अमिनो आम्लांची (प्रथिन ज्यांपासून बनते त्या घटकांची) व एन्झाइमची (पचनाला मदत करणाऱ्या विकरांची) जोड द्यायची, ही पद्धत आपल्याकडे आता रुळू लागली आहे. ती पक्ष्याच्या हिताची आहे, शेडच्या हवेच्या हिताची आहे आणि नीट केली तर शेतकऱ्याच्या खिशाच्याही हिताची आहे. पण ज्या मानकाच्या चौकटीत आणि ज्या कराराच्या अटींखाली ती राबवली जात आहे, ती चौकट या पद्धतीसाठी बनलेलीच नाही. त्यामुळे आज उत्तम खाद्य मानकाच्या बाहेर पडू शकते, निकृष्ट खाद्य मानकात अगदी व्यवस्थित बसू शकते आणि या दोहोंतला फरक ओळखण्याचे कोणतेही साधन पोते उघडणाऱ्याच्या हाती नसते. हे आपण बदलावे, यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आयएस १३७४ हे कोंबडी खाद्याचे मानक आपण सगळेच जाणतो. त्याच्या २००७ च्या आवृत्तीत, वाढीच्या टप्प्यांप्रमाणे द्यायच्या खाद्यांपैकी, ब्रॉयलर प्री-स्टार्टरला किमान २३ टक्के, स्टार्टरला २२ टक्के आणि फिनिशरला २० टक्के क्रूड प्रोटीन सांगितले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली दिलेले आकडेही पहिल्या तीन आठवड्यांना २३ आणि पुढच्या तीन आठवड्यांना २० टक्के असेच होते. त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे ते आकडे सुरक्षित होते, कारण प्रथिन भरपूर दिले की त्यातली कोणतीही एक आवश्यक गोष्ट कमी पडण्याची भीती उरत नाही. पण क्रूड प्रोटीन मोजतात तरी कसे? डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली बसवलेल्या पद्धतीने नमुन्यातला नायट्रोजन मोजायचा आणि प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून त्याला ६.२५ ने गुणायचे. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर येतो तो नायट्रोजनचा आकडा. तो नायट्रोजन सोयापेंडीतून आला, जळालेल्या पेंडीतून आला की युरियातून आला, हे त्या आकड्याला सांगता येत नाही.

शेंगदाणा पेंड आणि सोयापेंड शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत साधारण ४५ टक्क्यांच्या आसपास क्रूड प्रोटीन असते, पण सोयापेंडीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल जवळपास २.८ टक्के, तर शेंगदाणा पेंडीत त्याच्या निम्म्यापेक्षा थोडेसेच जास्त. सोयापेंडीच्या जागी शेंगदाणा पेंड घालून, वरून लायसिन न देता बनवलेले फिनिशर क्रूड प्रोटीनच्या तपासणीत सहज उत्तीर्ण होईल आणि पक्षी मात्र वजन धरणार नाही. मानकात लायसिन आणि मिथिओनिनच्या किमान पातळ्या आहेत हे मला ठाऊक आहे, पण त्या एकूण प्रमाणाच्या आहेत, पचनीय प्रमाणाच्या नाहीत, आणि व्यवहारात कोणीही त्या तपासून घेत नाही. खरेदीदार विचारतो ते प्रोटीन, विक्रेता सांगतो ते प्रोटीन आणि तक्रार झाली की प्रयोगशाळेत पाठवतात तेही प्रोटीनसाठीच. निव्वळ नायट्रोजन मोजून विश्वास ठेवण्याची किंमत जगाने २००८ साली चीनमधल्या मेलामाइनमिश्रित दूध पावडरीच्या रूपाने मोजली आहे. आपल्या फिशमीलमध्ये युरिया मिसळण्याची जुनी खोड याच एका आकड्याच्या आधाराने टिकून आहे.

पक्ष्याला प्रथिन लागतच नाही, त्याला अमिनो आम्ले लागतात, तीही एकमेकांशी ठरावीक प्रमाणात. लायसिन १०० धरले तर मिथिओनिन व सिस्टीन मिळून पंचाहत्तरच्या आसपास, थ्रिओनिन पासष्ट ते सदुसष्ट, व्हॅलिन पंचाहत्तर ते ऐंशी आणि आर्जिनिन शंभराच्या थोडे वर, असे ते गणित असते. यातले जे सर्वात कमी पडेल त्याच्या मापानेच मांस तयार होते. बाकीची उरलेली अमिनो आम्ले साठवता येत नाहीत. ती मोडावी लागतात, त्यांचा नायट्रोजन यूरिक आम्ल म्हणून विष्ठेतून बाहेर टाकावा लागतो, त्यासाठी ऊर्जा खर्च होते, अंगात उष्णता तयार होते आणि पाणी जास्त लागते.

याचा हिशोब कोणालाही कागदावर मांडता येईल. दोन किलोचा पक्षी तयार होईपर्यंत साधारण ३.२ किलो खाद्य खातो असे धरू. त्यात सरासरी २० टक्के प्रथिन असेल तर पक्ष्याच्या पोटात १०२ ग्रॅम नायट्रोजन जातो. दोन किलोच्या देहात जमा होतो तो ५८ ग्रॅमच्या आसपास. उरलेला ४४ ग्रॅम लिटरमध्ये, म्हणजे शेडच्या जमिनीवर अंथरलेल्या तुसाच्या थरात, पडतो. अमिनो आम्लांचा तोल सांभाळून तेच खाद्य १८ टक्क्यांचे केले आणि वाढ तेवढीच राहिली, तर लिटरमध्ये पडणारा नायट्रोजन ३४ ग्रॅमवर येतो. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये हा फरक एका बॅचला ५० किलो नायट्रोजनचा आहे. प्रथिनाचा एक टक्का उतरवला की उत्सर्जित नायट्रोजन सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे संशोधनातून जे वारंवार दिसले आहे, ते याच हिशोबाशी जुळते.

या ५० किलोंचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यातल्या एखाद्या शेडमध्ये पहाटे जावे. थंडी इतकी असते की पिल्ले गारठू नयेत म्हणून शेतकरी दोन्ही बाजूंचे पडदे रात्रभर बंद ठेवतो. आत शिरल्यावर उभ्याने श्वास घेतला तर वास सहन होतो, पण गुडघे टेकून पक्ष्याच्या उंचीवर नाक नेले की डोळे चुरचुरतात. पाण्याच्या निपलच्या रांगेखालचे तूस मुठीत घेऊन दाबावे, मूठ उघडल्यावर त्याचा घट्ट गोळा तसाच राहिला तर लिटर ओले आहे हे कळते, आणि त्या ओल्या लिटरवर चाललेल्या पक्ष्यांचे तळवे उलटून पाहिले तर काळे चट्टे दिसतात. अमोनियाची पातळी २५ पीपीएमच्या वर जाऊ नये असे आपण पुस्तकात शिकवतो. अशा शेडमध्ये ती किती आहे हे मोजणारे यंत्र नसते, पण पक्ष्यांची शिंक आणि घरघर ऐकू येते आणि मग औषधांचा खर्च सुरू होतो. न पचलेले प्रथिन आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचले की क्लॉस्ट्रिडियमसारख्या जिवाणूंना ते आयते खाद्य मिळते, हे वेगळेच. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या वापरावर बंदी घातली. अँटिबायोटिकवरचा भार खरोखर कमी करायचा असेल, तर आतड्यात जाणारे फाजील प्रथिन कमी करणे हा त्या बंदीइतकाच महत्त्वाचा उपाय आहे, असे माझे मत आहे.

किमतीची बाजूही आहे. २० वरून १८ टक्क्यांवर येताना टनामागे सुमारे ५० ते ५५ किलो सोयापेंड कमी लागते आणि तिची जागा मुख्यतः मका घेतो. २०२१ च्या पावसाळ्यात सोयापेंडीचे भाव इतके कडाडले की केंद्राला त्या ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. ज्या व्यवसायाची घडी एका पेंडीच्या भावावर इतकी अवलंबून आहे, त्याला तिचा वापर आटोपशीर करण्याची मोकळीक मानकाने द्यायलाच हवी. लातूर-हिंगोलीच्या सोयाबीन उत्पादकाला हे वाचून बरे वाटणार नाही याची मला जाणीव आहे, आणि त्याच्या भावाचा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर कोंबडीला गरजेपेक्षा जास्त प्रथिन चारणे हे असू शकत नाही.

आता एन्झाइमकडे येतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. ब्रॉयलर खाद्यात मुख्यतः तीन प्रकारची एन्झाइम वापरली जातात आणि त्यांची कामे वेगवेगळी आहेत. फायटेज हे त्यांतले सर्वात जुने आणि सर्वात खात्रीचे. मका आणि सोयापेंडीतल्या फॉस्फरसपैकी सुमारे दोन तृतीयांश फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि पक्ष्याला तो फारसा सोडवता येत नाही. फायटेज तो सोडवते. १९९१ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये, शेणखतातून जमिनीत जाणाऱ्या फॉस्फरसवर निर्बंध येऊ लागल्यावर ते बाजारात आले. किलोमागे ५०० एफटीयू (फायटेजच्या ताकदीचे एकक) फायटेज घातले तर टनामागे साडेसहा किलोच्या आसपास डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरससाठी घालायचा क्षार) वाचते, हे आपल्या मिक्सरवाल्यांनाही आता पाठ आहे. प्रथिनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पोटातल्या आम्लात फायटेट प्रथिनालाही चिकटते आणि पेप्सिन या पाचक रसाला त्यावर काम करू देत नाही. म्हणून फायटेट फुटले की प्रथिनाची पचनीयताही थोडी सुधारते.

दुसरे प्रोटीएज. ते पक्ष्याच्या स्वतःच्या पाचक रसांना मदत करते आणि सोयापेंडीत उरलेल्या ट्रिप्सिनरोधकांचा, म्हणजे प्रथिनाच्या पचनात अडथळा आणणाऱ्या घटकांचा, काहीसा बंदोबस्त करते. तिसरा गट झायलॅनेज, बीटा-ग्लुकॅनेज आणि बीटा-मॅनॅनेज यांचा, जो धान्यांच्या आणि पेंडींच्या पेशीभित्तिकांवर काम करतो. गहू आणि जव खाऊ घालणाऱ्या युरोपात यातल्या पहिल्या दोघांनी मोठा फरक पाडला. आपल्या मका-सोया खाद्यात तेवढा चिकटपणाच नसल्याने त्यांचा परिणाम तितका मोठा दिसत नाही. मात्र ग्वार कोरमा (गवार बियांतून डिंक काढल्यावर उरणारी पेंड) किंवा डीओआरबी (तेल काढलेला तांदळाचा कोंडा) यांसारखे घटक घातले की या गटाला खरे काम मिळते, विशेषतः ग्वार कोरम्यातल्या डिंकासाठी बीटा-मॅनॅनेजला.

या सगळ्यांना लागू पडणारा एक नियम आहे आणि विक्रीच्या बोलण्यात तोच गाळला जातो. एन्झाइम काम करते ते न पचलेल्या भागावर. ज्या सोयापेंडीतली अमिनो आम्ले नव्वद टक्के पचतात तिथे प्रोटीएजला हात घालायला दहा टक्केच उरतात. त्यातले थोडे त्याने सोडवले तर तो त्याचा खरा आणि प्रामाणिक लाभ. सूर्यफूल पेंड, सरकी पेंड, भाजताना करपलेली किंवा कच्ची राहिलेली सोयापेंड यांत तो लाभ जास्त असतो. आणि पोत्यातून येणारे शुद्ध लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन तर पूर्णच शोषले जातात. त्यांच्यावर कोणत्याही एन्झाइमला काही करण्यासारखे नसते. म्हणजे खाद्यातले प्रथिन जितके कमी आणि शुद्ध अमिनो आम्ले जितकी जास्त, तितका प्रोटीएजकडून मिळणारा लाभ कमी. २१ टक्क्यांच्या खाद्यावर काढलेला लाभाचा आकडा १७.५ टक्क्यांच्या खाद्याला जसाच्या तसा लावणे हे शास्त्र नाही.

म्हणून ‘कमी प्रथिन अधिक एन्झाइम’ या एकाच नावाखाली आज दोन अगदी भिन्न गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात क्रूड प्रोटीन उतरवतात, पण पचनीय लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन, गरज पडल्यास व्हॅलिन आणि आर्जिनिनही शुद्ध रूपात घालून पूर्वीच्याच पातळीवर ठेवतात, आणि एन्झाइम हा वरचा आधार असतो. दुसऱ्या प्रकारात प्रथिनाबरोबर अमिनो आम्लेही उतरवतात आणि ती तूट प्रोटीएज भरून काढील असे कागदावर धरून चालतात. पहिला प्रकार चांगल्या पोषणशास्त्राचा आहे. दुसऱ्याला मी जुगार म्हणतो, आणि त्यात हरणारा माणूस डाव मांडणाऱ्यांपैकी नसतो. दोन्ही पोत्यांवर १८ टक्के प्रोटीन आणि ‘एन्झाइमयुक्त’ असे सारखेच छापलेले असेल. शेतकऱ्याने कशावरून ओळखायचे?

याहून गंभीर प्रकार बेरजेचा आहे. प्रत्येक एन्झाइमबरोबर विक्रेता एक मॅट्रिक्स देतो : याने इतका फॉस्फरस मिळेल, इतके लायसिन मिळेल, इतकी किलोकॅलरी ऊर्जा मिळेल. फॉर्म्युला करणाऱ्याने ते आकडे संगणकात भरले की संगणक तेवढी पेंड, तेवढे तेल आणि तेवढे डीसीपी काढून टाकतो. एका एन्झाइमचा आकडा जपून घेतला तर ठीक. पण फायटेजचा, प्रोटीएजचा आणि झायलॅनेजचा असे तिन्ही आकडे पूर्ण भरले, तर कागदावर दीडशे-दोनशे किलोकॅलरी ‘मोफत’ मिळतात आणि खाद्यातून तितकीच ऊर्जा प्रत्यक्षात कमी होते. तिन्ही एन्झाइम एकाच न पचलेल्या भागावर काम करत असताना त्यांचे लाभ असे एकावर एक रचता येत नाहीत. अशा खाद्यावरचे पक्षी मी पाहिले आहेत : अठराव्या-विसाव्या दिवशी कळप विषम दिसू लागतो, पिसे विरळ येतात, काही पक्षी चालता चालता बसतात आणि पायाचे हाड बोटाने वाकवले तर लवते. अशा वेळी रोग शोधला जातो, रक्ताचे नमुने घेतले जातात, पाण्यातून औषधे दिली जातात. फॉर्म्युल्याचा कागद मात्र कोणीच पुढे ठेवत नाही.

कागद बरोबर असला तरी मिक्सरवर काय होते हाही प्रश्न उरतोच. ग्रॅमला ५००० एफटीयू ताकदीचे फायटेज टनाला फक्त १०० ग्रॅम लागते, म्हणजे दहा हजार भागांत एक भाग. गावच्या उभ्या मिक्सरवर कामगार ती पुडी फोडून वरच्या तोंडातून सरळ ओततो, बाजूच्या पत्र्याला तिची भुकटी चिकटलेली डोळ्यांनी दिसते आणि पहिल्या दोन-तीन पोत्यांत एन्झाइम दुप्पट तर शेवटच्या पोत्यांत जवळजवळ नाही, असे होऊ शकते. दहा दिवसांचे पिल्लू दिवसाला ४०-५० ग्रॅम खाद्य खाते. त्याच्या वाट्याचे फायटेज पाच मिलिग्रॅमच्या आत असते आणि ते रोज मिळायला हवे. आधी दहा किलो मक्याच्या भरड्यात ती पुडी नीट कालवून मग मिक्सरमध्ये टाकावी, हा साधा उपाय आहे. मोठ्या कारखान्यात अडचण वेगळी. तिथे खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवताना वाफेने खाद्य ८० ते ९० अंशांपर्यंत तापते आणि आवरण नसलेले एन्झाइम त्यात मरते. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात कोलीन क्लोराइड असलेल्या प्रीमिक्सच्या (जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणाच्या) संगतीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या एन्झाइमची ताकदही घटत जाते. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही : खाद्यात स्वस्त भर म्हणून चुनखडीची भुकटी जास्त पडली, की कॅल्शियम फायटेटला घट्ट बांधून ठेवते आणि महागडे फायटेज हात चोळत बसते. खाद्यातले कॅल्शियम गरजेपेक्षा वाढू दिले नाही, तर केवळ तेवढ्यानेही पुष्कळ एन्झाइम कारणी लागेल.

प्रथिन कितीही उतरवता येते असाही कोणाचा समज होऊ नये. दीड ते दोन टक्के उतरवणे हे नीट तोल सांभाळून साधते. तीन टक्क्यांच्या पलीकडे गेले की आवश्यक नसलेली म्हणून आपण ज्यांच्याकडे पाहत नव्हतो ती अमिनो आम्लेही कमी पडू लागतात, त्यात पहिले ग्लायसिन, कारण आपले खाद्य बहुतांशी वनस्पतिजन्य आहे. पोटाखालची चरबी वाढते. सोयापेंडीबरोबर पोटॅशियम कमी होते आणि लायसिन हायड्रोक्लोराइडबरोबर क्लोराइड वाढते, त्यामुळे सोडियम बायकार्बोनेट घालून क्षारांचा तोल सावरावा लागतो. उन्हाळ्यात पक्षी कमी खातो म्हणून अमिनो आम्लांचे प्रमाण उलट थोडे वाढवावे लागते. हे सगळे करता येण्याजोगे आहे, फक्त ते करणाऱ्याला ज्ञान आणि तपासणी दोन्ही हवे.

आता आयुक्त महोदयांनी विशेष लक्ष द्यावे अशा बाजूकडे वळतो. महाराष्ट्रातल्या ब्रॉयलर शेतकऱ्यांपैकी फार मोठा वर्ग करार पद्धतीने पक्षी वाढवतो. पिल्ले, खाद्य, औषध आणि सुपरवायझर कंपनीचे. शेड, वीज, पाणी, तूस, ब्रूडिंगचा (पिल्लांना ऊब देण्याचा) खर्च आणि घरच्या माणसांचे कष्ट शेतकऱ्याचे. लिफ्टिंग झाल्यावर, म्हणजे कंपनीने पक्षी उचलून नेल्यावर, शेतकऱ्याचा मोबदला (ग्रोइंग चार्ज) ठरतो तो मुख्यतः एफसीआर (एक किलो वजनामागे लागलेले खाद्य) आणि मर यांच्यावर. पाच हजार पक्षी दोन किलोचे निघाले तर दहा हजार किलो वजन होते, एफसीआर ०.१ ने वाढला तर एक टन, म्हणजे ५० किलोची वीस पोती खाद्य जास्त गेले, आणि त्याची वजावट शेतकऱ्याच्या पट्टीतून होते. खाद्याचा फॉर्म्युला कधी बदलला, प्रथिन किती उतरवले, कोणते एन्झाइम घातले आणि त्याचा किती भरवसा धरला, यातले काहीही त्याला सांगितले जात नाही. ज्या गोष्टीवर त्याचा काडीचा ताबा नाही, तिच्या परिणामाचा दंड त्याने भरायचा, हे न्यायाला धरून नाही. केंद्राने २०१८ साली शेतमाल आणि पशुधन यांच्या करारशेतीचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला होता. त्यात पशुधनाचा समावेश होता हे आवर्जून लक्षात आणून देतो, कारण कराराची चर्चा निघाली की कोंबडीपालक शेतकरी नेहमी विसरला जातो.

माझ्या पाहण्यातल्या एका प्रकरणात लागोपाठच्या बॅचमध्ये एकाच गावातल्या अनेक शेडचा एफसीआर एकदम बिघडला. पिल्ले वेगवेगळ्या हॅचरीतली होती, पाणी वेगळे होते, सांभाळणारी माणसे अनुभवी होती. समान होते ते फक्त खाद्य. कंपनीला विचारले तर खाद्याचे प्रोटीन मानकाप्रमाणे आहे असा प्रयोगशाळेचा कागद दाखवला गेला, आणि तो कागद खोटा नव्हता. पण त्या कागदात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते. शेतकऱ्यांजवळ त्या खाद्याचा नमुना राहिला नव्हता, म्हणून बोलणे तिथेच संपले आणि वजावट कायम राहिली.

मानक समितीला माझी विनंती अशी की, आयएस १३७४ ची पुढची सुधारणा करताना क्रूड प्रोटीनच्या किमान पातळीचे ओझे उतरवावे आणि तिची जागा पचनीय लायसिन, पचनीय मिथिओनिन व सिस्टीन आणि पचनीय थ्रिओनिन यांच्या किमान पातळ्यांना द्यावी. प्रथिन एका ठरावीक रेषेखाली न्यायचे असेल तर व्हॅलिन, आर्जिनिन आणि आयसोल्युसिनही जाहीर करणे बंधनकारक असावे. प्रत्येक पोत्याची पचनीयता पक्ष्यावर मोजता येत नाही हे खरे आहे, पण घटकांच्या तक्त्यांवरून ती काढता येते आणि एकूण अमिनो आम्लांची यादृच्छिक तपासणी करून तो दावा पडताळता येतो. सोयापेंडीसाठी अल्कलीतली प्रथिन विद्राव्यता आणि युरिएज या दोन स्वस्त चाचण्या सक्तीच्या केल्या तर करपलेल्या आणि कच्च्या पेंडीचा निकाल दारातच लागेल.

एन्झाइमच्या बाबतीत पोत्यावर नुसते ‘एन्झाइमयुक्त’ हे विशेषण चालू नये. कोणते एन्झाइम, तयार खाद्यात पेलेट बनवल्यानंतर आणि वापराच्या शेवटच्या तारखेला त्याची किमान किती ताकद राहील, हे छापले जावे. फायटेज मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ३००२४ म्हणून २००९ पासून उपलब्ध आहे. ती स्वीकारण्यात अडचण नसावी. प्रोटीएजचे तसे नाही. प्रत्येक उत्पादकाचे एकक वेगळे आणि मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाचे पाऊण लाख युनिट आणि दुसऱ्याचे दहा हजार युनिट यांची तुलना करणे निरर्थक असते. जोवर समान पद्धत येत नाही तोवर उत्पादकाने आपली पद्धत समितीकडे जमा करावी आणि कोणत्याही सक्षम प्रयोगशाळेला ती वापरता यावी, एवढे तरी व्हावे. युरोपीय संघात २००३ च्या नियमनानुसार असे पदार्थ बाजारात येण्यापूर्वी ज्या प्राण्यासाठी ते विकायचे, त्या प्राण्यावर त्यांची सुरक्षितता आणि परिणामकारकता सिद्ध करावी लागते. त्या धर्तीची व्यवस्था आपल्याकडेही असायला हवी, आणि मॅट्रिक्सचे आकडे कोणत्या खाद्यावर, किती प्रथिनाच्या पातळीवर काढले, हे त्या कागदपत्रांत असायला हवे.

आयुक्त महोदय, आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही मोठा निधी लागत नाही. पहिली, करार पद्धतीत खाद्याच्या प्रत्येक गाडीतून शेतकरी आणि कंपनीचा माणूस या दोघांच्या सहीने अर्धा किलोचा सीलबंद नमुना काढून बॅचचा हिशोब मिटेपर्यंत शेतकऱ्याकडे राहावा, असे परिपत्रक आपण काढावे. वाद झाला तर तो नमुना बोलेल. दुसरी, प्रथिन किंवा एन्झाइमचे प्रमाण बदलले असेल तर ते पिल्ले टाकण्यापूर्वी शेतकऱ्याला लेखी कळवावे, आणि नव्या फॉर्म्युल्याच्या पहिल्या बॅचमध्ये एफसीआरची वजावट करू नये. तिसरी विनंती विद्यापीठाच्या मदतीने करण्याची आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. विदर्भाचा मे महिना, मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा, मुंबईची दमट हवा आणि शिरवळची थंडी अशी चार हवामाने आपल्या हाताशी आहेत. कमी प्रथिनाच्या मका-सोया खाद्यावर, एन्झाइमसह आणि एन्झाइमशिवाय, तिथे एकाच आराखड्याने चाचण्या घेतल्या जाव्यात, त्यांत लिटरचा ओलावा आणि तळव्याचे व्रण हेही मोजले जावेत, आणि त्यांचे निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, मराठीत सर्वांसाठी खुले केले जावेत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकाशेजारी ठेवायला आज शेतकऱ्याजवळ दुसरा कागद नाही.

समितीने मानकाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला की तो कारखानदारांच्या संघटनांपर्यंत पोहोचतो. शेडवाल्यापर्यंत पोहोचत नाही. पुढच्या वेळी तो मराठीत जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयांमार्फत कोंबडीपालकांपर्यंत पोहोचवावा आणि हरकती पाठवण्यासाठी पुरेसा अवधी द्यावा. माझ्या भागातल्या शेतकऱ्यांच्या हरकती गोळा करून, त्यांच्या बॅचच्या नोंदींसह आपल्याकडे पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला,
नाशिक जिल्ह्यातील एक पशुवैद्यक